कुस्ती की फुगडी? दोन विंचू एकमेकांना भिडलेले दिसले तर कसं ओळखायचं

मामेभावाने परवा रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ टाकला. संगमेश्वरकडे त्यांच्या घरामागे जांभ्याचा गडगा आहे, त्याच्या पायथ्याशी दोन तांबडे विंचू एकमेकांचे चिमटे धरून उभे, आणि खाली याचं कॅप्शन, "दादा बघ, विंचवांची कुस्ती लागलीय!!" चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. मी तो चार वेळा पाहिला आणि त्याला लिहिलं की बाबा ही कुस्ती नाही, ही फुगडी आहे, नर-मादी आहेत ती. त्याला पटेना. म्हणे एवढं खेचतायत, ढकलतायत, शेपट्या वर केल्यात, आणि तू म्हणतोस प्रेम?

त्याची चूक नाही खरंतर. कुस्तीत सुरुवातीला दोन पैलवान हातात हात अडकवून मागे-पुढे होतात ना, ती खडाखडी, अगदी तसंच दिसतं हे. जगभरात विंचू पाळणारे लोक आहेत (हो, आहेत, टॅरंटुला पाळतात तसे) तेही पहिल्यांदा जोडी एकत्र सोडली की घाबरून काडीने सोडवायला जातात. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. विंचू हा एकटा राहणारा प्राणी आहे आणि त्याच्या हिशोबात समोर हलणारी, आपल्या आवाक्यातली कुठलीही गोष्ट म्हणजे जेवण. दुसरा विंचूसुद्धा. डोळे आठ-दहा असले तरी नजर बेताचीच, सगळा कारभार पायांवर, जमिनीतून येणारी बारीक थरथर पायांना कळते आणि त्यावरून तो झडप घालतो. आता अशा प्राण्यातल्या नराला मादीजवळ जायचं असेल तर त्याची अडचण काय आहे बघा, मादी बहुतेकदा त्याच्यापेक्षा जाड आणि ताकदवान, तिच्याकडेही तेच दोन चिमटे आणि तीच नांगी, आणि तिला हा नवरामुलगा आहे की रात्रीचं जेवण हे अंधारात ठरवायचंय. म्हणजे त्याला पहिल्यांदा तिची हत्यारं धरून ठेवावी लागतात. ती जी खडाखडी दिसते ना, ती यासाठी. लढाईची सगळी सामग्री तीच, फक्त वापर वेगळा, त्यामुळे आपल्याला फसायला होतं.

(शब्दांचं जरा स्पष्ट करतो. पुढचे दोन "हात" म्हणजे चिमटे, खेकड्याच्या डेंग्यासारखे. मागे शेपटी, तिच्या टोकाला विषाची नांगी. तोंडाशी आणखी दोन इटुकले चिमटे असतात, चावून बारीक करायला, त्यांना मी जबडे म्हणतो.)

सगळ्यात आधी बघायचं ते कुणी काय धरलंय. जोडी असेल तर समोरासमोर तोंड, आणि चिमट्यात चिमटा. नराने आपल्या दोन चिमट्यांनी मादीचे दोन चिमटे धरलेले, डावीकडे उजवीकडे सारखंच, आणि ही पकड सुटत नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी तीच. भांडणात असं नीटनेटकं काही नसतं. ज्याच्या हाताला जे लागेल ते, पाय धर, शेपटी धर, एक चिमटा धर नि दुसऱ्याने तोंडावर हल्ला कर, पकड सारखी बदलते, कारण तिथे उद्देश धरून ठेवण्याचा नाहीच, सोडवून घेण्याचा किंवा संपवण्याचा आहे. एकाने दुसऱ्याची शेपटी मधूनच पकडलेली दिसली तर तो नाच समजू नका, तिथे नांगी आपल्यापासून लांब ठेवायची धडपड चालू आहे.

मग चाल बघा. मला विचाराल तर हीच सगळ्यात भरवशाची खूण. नर उलटा चालतो, मादीला ओढत, आणि मादी त्याच्यामागे सरळ येते. थोडं थांबतात, मग पुन्हा दोन पावलं पुढे, तीन मागे, बाजूला, कधी पुन्हा त्याच जागेवर. कोणीतरी नेतंय आणि कोणीतरी जातंय. मादी अडून बसते बऱ्याचदा, पाय रोवते, तेव्हा ओढाताण दिसते आणि तेवढंच व्हिडिओत आलं तर कुस्तीच वाटणार. पण थोडा वेळ बघत राहिलं की लय कळते. भांडणाला लय नसते, ते झटक्यात होतं, काही सेकंद धुमश्चक्री, मग एक पळाला किंवा एक मेला, विषय संपला. ही जोडी मात्र अर्धा तास, तास, कधी कित्येक तास फिरत असते. इतका वेळ कुणी भांडत नाही, विंचू तर नाहीच, त्याला ते परवडत नाही.

पण एवढा वेळ फिरतात कशाला? मला स्वतःला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. विंचवांमध्ये आपण समजतो तसा थेट संबंध होतच नाही. नर जमिनीवर एक छोटी दांडीसारखी कुपी चिकटवतो, शुक्राणूंनी भरलेली, इंग्रजीत त्याला स्पर्माटोफोर म्हणतात. ती उभी राहायला टणक, सपाट जागा लागते, दगड, ढलपी, खापर असं काहीतरी, भुसभुशीत मातीत ती नीट चिकटत नाही. म्हणजे हा जो नाच आहे तो बराचसा जागा शोधण्याचा कार्यक्रम आहे. विंचवाच्या पोटाखाली दोन कंगवे असतात, खरोखर कंगव्यासारखे दात असलेले, जगात दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला नाहीत. त्या कंगव्यांनी विंचू जमिनीला हात लावून बघावं तसं बघतो, वास घेतो, खरखरीत आहे की गुळगुळीत ते तपासतो. नराचे कंगवे मादीपेक्षा मोठे नि दातही साधारण जास्त, कारण मादीचा माग जमिनीवरच्या वासावरून काढायचा नि नंतर जागा शोधायची हे काम त्याचंच. तर व्हिडिओत उलटा चालणारा विंचू पोटाखालचे कंगवे पसरून जमीन झाडल्यासारखं करताना दिसला तर पुढे बघायची गरजच नाही, तो नर आहे आणि त्याच्या डोक्यात भांडण नाही.

जागा सापडली की तो पोट जमिनीला टेकवतो, कुपी चिकटवतो, आणि मागे सरकत मादीला ओढून बरोब्बर तिच्यावर आणतो. मादीच्या पोटाखालचं झाकण तिथे आलं, तिचं वजन पडलं की ती कुपी एखाद्या खटक्यासारखी दबते आणि शुक्राणू आत. या शेवटच्या पायरीला सगळा मिळून फार तर काही मिनिटांचा खेळ, आणि त्यासाठी त्याआधी तासभर फिरणं. लग्नाचा हॉल बघत फिरणारी मंडळी आठवली मला.

गंमत म्हणजे ही कुपी माणसाला बराच काळ माहीतच नव्हती. फ्रान्सच्या दक्षिणेत सेरिन्यान गावात जाँ-आंरी फाब्र नावाचे एक निरीक्षक होऊन गेले (1823 ते 1915), त्यांनी अंगणात नि काचेच्या पेटीत पिवळे विंचू ठेवले आणि रात्री कंदील घेऊन तासन्‌तास बघत बसले. हातात हात घालून फिरणाऱ्या जोड्या, समोरासमोर शेपट्या उभ्या करून एकमेकांवर घासणं, एका मादीचा एकेक हात धरून दोन नरांची चाललेली रस्सीखेच, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलंय. त्या रस्सीखेचीतसुद्धा नांगी कुणी वापरत नाही हे विशेष. जोडी खापराखाली जाताना त्यांनी पाहिली, सकाळी खापर उचललं तर काही वेळा मादी नराला खात बसलेली. पण नेमकं काय घडतं ते मात्र त्यांच्या हाती लागलं नाही. ती कुपीची भानगड उलगडली 1950 च्या दशकात, वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासकांना जवळपास एकाच सुमारास.

आता शेपटीकडे येऊ, कारण सगळे तिथेच फसतात. शेपटी वर म्हणजे हल्ला, असं आपण धरून चालतो. तर नाही. वर असणं महत्त्वाचं नाही, वाकडी कशी आहे ते महत्त्वाचं. मारायच्या तयारीत विंचू शेपटी डोक्यावरून पुढे कमानीसारखी आणतो, नांगीचं टोक शत्रूकडे, चिमटे फाकवून उघडे, आणि मग टोचणं सटासट, आत-बाहेर, डोळ्याला दिसतही नाही इतकं पटकन. नाचात शेपटी मागे लांबवलेली किंवा उभी सोडलेली असते, कधी दोघांच्या शेपट्या एकमेकींत गुंतलेल्या, कधी बाजूला पाडलेली. काही जातींत नर शेपटीने मादीला चक्क हाणतो, पण नांगी आत दुमडून, म्हणजे काठीने मारल्यासारखं, सुरीने नाही.

आणि आता गोंधळ वाढवणारी गोष्ट. काही जातींत नर नाचाच्या वेळी मादीला खरोखर नांगी टोचतो. कुठेही नाही, चिमट्याच्या सांध्याजवळची किंवा अंगाच्या खवल्यांमधली मऊ कातडी शोधून तिथे. आणि टोचून ठेवतो, कित्येक मिनिटं. मादी मरत नाही, उलट जरा शांत होते असं दिसतं. नेमकं काय सोडतो, विष सोडतो की नुसतंच टोचतो, यावर अभ्यासकांच्यात अजून चर्चा चालूच आहे. आपल्याला ओळखायचं सूत्र सोपं, टोचून ठेवलं आणि समोरचा धडपडत नाही म्हणजे नाच, टोचून काढलं परत टोचलं आणि समोरचा सुटायला बघतोय म्हणजे मारामारी.

थरथर हाही असाच फसवा प्रकार. मध्येच नर पाय रोवून अख्खं अंग पुढे-मागे हलवतो, फोन व्हायब्रेटवर ठेवल्यासारखा. माणसाला वाटतं रागाने कापतोय. पण मादीच्या वासाच्या जागी नुसता पोचला, मादी समोर नसली, तरी काही नर असे थरथरायला लागतात. मादीला पायातून थरथर कळते हे वर लिहिलंच आहे, तेव्हा हा निरोप असावा, "मी झुरळ नाही, मी वेगळा आहे", असा अंदाज आहे, आणि मला तो पटतो.

मग तोंडाला तोंड. नर जबडे मादीच्या जबड्यांना लावतो, घासतो, लोक याला विंचवाचं चुंबन म्हणतात. खाणं पण तोंडानेच चालू होतं, तर फरक काय? फरक हा की चुंबनाच्या वेळी खाली चिमट्यात चिमटा तसाच असतो, दोघंही आपापल्या पायावर उभे असतात. खाणं चालू असेल तर एकजण लुळा पडलेला, पाय आक्रसलेले, बऱ्याचदा उलटा, आणि दुसऱ्याचे जबडे आळीपाळीने आत-बाहेर, त्या जागी ओला चोथा. एकदा पाहिलं की विसरणार नाही.

जात कुठली तेही बघावं लागतं. आपल्याकडे दोन नेहमीचे, एक लाल विंचू, बारीक चिमटे, जाड शेपटी, आणि दुसरी ती मोठी काळी इंगळी, जाडजूड चिमटे, त्यामानाने शेपटी किरकोळ. ढोबळ नियम असा की ज्याचे चिमटे बारीक नि शेपटी जाड त्याचं विष जास्त वाईट. भांडायची पद्धतही त्यावरून ठरते. लाल विंचू भांडला तर नांगीवर येतो, त्यामुळे चिमटे धरून शांत उभे लाल विंचू म्हणजे जवळपास नक्की जोडी. इंगळीचं उलटं, ती चिमट्यांनीच रेटारेटी करते, नांगी काढेलच असं नाही, म्हणून दोन इंगळ्या चिमटे अडकवून दिसल्या तर लगेच निकाल देऊ नका, चाल बघा, कोणी नेतंय का बघा. शिवाय इंगळी चिडली की आवाज करते, फिस्स असा, चिमट्याच्या नि पहिल्या पायाच्या बुडाशी खरखरीत भाग असतो तो घासून. तो आवाज म्हणजे "लांब हो", कदाचित तो तुम्हालाच असेल, टॉर्च घेऊन नाकाशी गेलाय म्हणून.

आकाराचाही विचार करा. एक सडपातळ, शेपटीने लांबडा आणि एक पोटाने जाड, पण दोघे साधारण एका मापाचे, असं असेल तर नर-मादी असण्याची शक्यता जास्त. एक दुसऱ्याच्या निम्माच असेल तर तिथे प्रेमबिम काही नाही, मोठा लहानाला खातोय.

आणखी दोन दृश्यं आहेत ज्यात लोक हमखास "एक विंचू दुसऱ्याला खातोय" म्हणून फोटो पाठवतात. पहिलं, कात टाकणं. विंचू पुढून, डोक्याच्या कडेला उसवून जुन्या कातेतून बाहेर येतो, अर्धा आत अर्धा बाहेर असताना दोन विंचू एकात एक अडकल्यासारखे दिसतात. यूव्ही टॉर्च असेल तर दोन सेकंदात उत्तर, विंचू त्या प्रकाशात हिरवट-निळे चमकतात, रिकामी कात चमकते, पण नुकताच बाहेर आलेला मऊ विंचू चमकत नाही, कातडी टणक होईपर्यंत. (टॉर्च मारून ठेवू नका, त्यांना तो प्रकाश आवडत नाही, नाच मोडतो. बघायचंच तर लाल प्रकाश बरा.) दुसरं, पाठीवर पिल्लं. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर" आपण उगाच म्हणत नाही, मादी जिवंत पिल्लं देते आणि ती पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर दाटीवाटीने बसून असतात, पांढरी फेक. पिल्लं आईला खाऊन बाहेर येतात असं गावाकडे ठामपणे सांगतात, माझी आजीही सांगायची. तसं होत नाही. आई काही वेळा पिल्लं खाते, ते खरं आहे.

हां, आणि नाच नि भांडण यांच्यात पक्की भिंत आहे असंही नाही. सुरुवात बऱ्याचदा खरोखर झटापटीने होते, मादी फटके मारते, नांगी उगारते, नर चिमटे मिळेपर्यंत टिकून राहतो. शेवटही तसाच. कुपीचं काम झालं की मादी झटकन मागे होते, नराला ढकलते, आणि नर जी धूम ठोकतो ती बघण्यासारखी असते. नाही पळाला तर काही वेळा जेवण होतो. प्रत्येक वेळी मादी नराला खाते हा मात्र सिनेमाने केलेला प्रचार, बरेच नर सुखरूप जातात आणि पुढची मादी शोधतात. म्हणून शेवटची पाच सेकंदं बघून कुणी "भांडण होतं" म्हटलं तर त्याने काय पाहिलं ते आपण समजून घ्यायचं. नंतर जागेवर दगडाला चिकटलेली बारीक रिकामी दांडी सापडली तर पुरावाच मिळाला, पण लगेच बघा, काही नर ती खाऊन टाकतात.

ज्यांना ही भानगडच नको असे विंचूही आहेत. ब्राझीलमधला पिवळा विंचू, टिटियस सेरुलाटस, त्याच्या माद्या नराशिवायच पिल्लं देतात, एक मादी गटारात शिरली की वस्ती तयार, म्हणून तिकडच्या शहरांत तो वेगाने पसरला. तिथे दोन विंचू भिडलेले दिसले तर मी भांडणावर पैसे लावेन. आणि दक्षिण अमेरिकेतच अनांटेरिस म्हणून बारके विंचू आहेत, ते पकडले गेले की शेपटी तोडून पळतात, पालीसारखे, मराठीत ज्याला नांगी टाकणं म्हणतात ते शब्दशः करतात. शेपटीबरोबर गुदद्वारही जातं, मागे उरतं ते बद्धकोष्ठ घेऊन जगणं, आणि तरी असे नर पुढे काही महिने जगून जोडी जमवू शकतात. जिद्द म्हणायची.

आता दिसलंच तर करायचं काय. काही नाही. काडीने सोडवू नका, पाणी टाकू नका. मादी शोधायला नर बिळं सोडून भटकतात तेव्हाच ते आपल्या पायात जास्त येतात, तेव्हा अशा दिवसांत रात्री मागल्या दारी जाताना चप्पल नि बॅटरी, दगड-लाकडं उचलताना आपल्या बाजूची कड आधी न उचलता पलीकडची उचलायची म्हणजे खालचा आपल्याकडे धावत येत नाही. लाल विंचू डसला तर मंत्र-बिंत्र न करता सरळ दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी (2022 ची पद्मश्री त्यांना याच कोकणातल्या कामाच्या पायावर मिळाली) प्राझोसिन हे ब्लडप्रेशरचं औषध वेळेत दिलं तर माणूस वाचतो हे दाखवून दिलं, त्याआधी लाल विंचवाने कोकणात किती घरं रडवलीत ते जुन्या लोकांना विचारा. लहान मुलांच्या बाबतीत तर एक मिनिट घालवू नका.

तर मामेभावाला हे एवढं सगळं व्हॉइस नोटमध्ये सांगितलं, नऊ मिनिटांची झाली. त्याने ऐकली की नाही देव जाणे. मग मी विचारलं, अरे पण चाळीस सेकंदांतच व्हिडिओ का थांबवलास, पुढचं खरं बघायचं होतं, त्या दगडावर चढत होते ते. तर म्हणाला, चप्पल आणायला गेलो होतो, आलो तर दोघंही गायब.